आई म्हणाली, "तूच जा": ग्वादालुपेची गोष्ट मान देणारी की गप्प बसवणारी?

केरेतारोकर

कंपनीच्या कामानं मेक्सिकोत येऊन तीन वर्षं झाली. इथं डिसेंबर लागला की हायवेच्या कडेनं माणसांची रांग लागते. कुणी पायी, कुणी सायकलवर, काही पोरं मशाल घेऊन आळीपाळीनं धावत. बऱ्याच जणांच्या पाठीवर दोरीनं बांधलेली मोठी तसबीर असते. तसबिरीत एकच बाई: सावळी, मान किंचित झुकलेली, हात जोडलेले, डोक्यावरून चांदण्यांचा निळसर-हिरवा शेला. ग्वादालुपेची मारिया, म्हणजे येशूची आई. लोक लाडानं 'मोरेनिता' म्हणतात, म्हणजे आपली 'सावळी'. १२ डिसेंबरला तिचा सण.

मागच्या वर्षी मीही मेक्सिको सिटीत तेपेयाकच्या टेकडीखाली जाऊन आलो. १९७६ सालची नवी बॅसिलिका, म्हणजे तिचं मोठं चर्च, एखाद्या प्रचंड गोल तंबूसारखी दिसते. तसबिरीखाली सरकते पट्टे आहेत, एअरपोर्टवर असतात तसे. त्यावर उभं राहायचं, मान वर करायची, पट्टा पुढं नेतो, दर्शन संपलं. रेंगाळायची सोयच नाही. माझ्यापुढं एक म्हातारी होती, पायात रबरी चपला, खांद्याला प्लास्टिकची पिशवी. पट्टा संपला की वळून पुन्हा रांगेत. मी मोजत होतो, चार फेऱ्या झाल्या. पाचवीला मलाच लाज वाटली मोजायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी पाडली. देवळं गेली, देवी रोगाच्या साथीनं माणसं गेली, उरलेले वेठीला लागले. दहा वर्षांनी, डिसेंबर १५३१ मध्ये, हुआन दिएगो नावाचा नुकताच बाप्तिस्मा झालेला एक साधा मूलनिवासी माणूस तेपेयाकवरून चालला असता त्याला एक तरुण स्त्री दिसली. ती त्याच्याच भाषेत, नावातलमध्ये बोलली: बिशपकडे जा, इथं मला घर बांधायला सांग. बिशप सुमार्रागा म्हणाले, पुन्हा ये. हा परत येऊन तिला म्हणाला, बाई, कुणातरी मानाच्या माणसाला पाठव. मी शेतातला माणूस. मी म्हणजे ओझ्याचा कपाळपट्टा, मी म्हणजे पाठीवरची चौकट, मलाच कुणीतरी वाहून न्यावं लागतं.

ती म्हणाली, माझ्याकडे निरोप्यांची कमी नाही, पण तूच जायला हवंस.

पुढं बिशपनं खूण मागितली. हिवाळ्यात उघड्या टेकडीवर फुलं फुलली, ह्यानं ती अंगावरच्या वस्त्रात भरून नेली, आणि बिशपसमोर वस्त्र सोडल्यावर त्यावर तिचं चित्र उमटलेलं दिसलं.

माझं म्हणणं: चमत्कार चित्राचा नाही, 'तूच जा' ह्या दोन शब्दांचा आहे. हरलेल्या, नागवलेल्या माणसाला कुणीतरी म्हणालं की तुझी साक्ष चालेल. मेक्सिकोच्या गरिबाला ह्या गोष्टीनं जेवढा मान दिला तेवढा कुठल्या कायद्यानं दिला नाही. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर

वर्णन छान. आता पाणी ओततो, राग मानू नका.

ही गोष्ट १५३१ ची, पण छापून आली १६४८ मध्ये स्पॅनिशमध्ये आणि १६४९ मध्ये नावातलमध्ये. म्हणजे ११७ वर्षांनी. बिशप सुमार्रागांची पत्रं आहेत, लेखन आहे. त्यात ह्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं म्हणतात, तोच गप्प!

हा काही निव्वळ नास्तिकांचा आक्षेप नव्हे. ईकास्बालसेता हा मेक्सिकोचा मोठा इतिहासकार, स्वतः पक्का कॅथलिक. त्यानं १८८३ मध्ये आर्चबिशपला खाजगी पत्र लिहून हेच सांगितलं. आणि १९९६ मध्ये त्याच बॅसिलिकेचे मठाधिपती शूलेनबुर्ग ह्यांना पद सोडावं लागलं, कारण हुआन दिएगो हे प्रतीक आहे, प्रत्यक्ष माणूस नव्हे, असं ते बोलून गेले होते.

जो माणूस कदाचित झालाच नाही, त्याला दिलेला मान नेमका कुणाला पोचला?

केरेतारोकर

@शंकासुर, घडलं की नाही ह्यावर धागा नाहीच. धागा असा आहे की गोष्ट काय करते. १८१० मध्ये इदाल्गो नावाच्या पाद्र्यानं स्पेनविरुद्ध बंड पुकारलं, तेव्हा वाटेत आतोतोनिल्कोच्या चर्चमधून त्यानं हिचंच चित्र उचलून निशाण केलं. मागं चालणारे बहुतेक शेतमजूर होते. १९१४ मध्ये क्रांतिकारक सापाताचे शेतकरी राजधानीत शिरले तेव्हा त्यांच्याही हातात हीच. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यातल्या मजुरांनी त्यांचा पुढारी सेसार चावेसबरोबर डिलेनो ते सॅक्रमेंटो मोर्चा काढला, पुढं पुन्हा हीच. गप्प बसवणारी देवी असती तर तिला मोर्चाच्या पुढं कुणी धरलं असतं का?

रानभूल

मी नंदुरबारकडचा, आदिवासी. शिक्षक आहे. हा धागा मला जरा वेगळा वाचता येतो, म्हणून लिहितो.

तेपेयाकच्या टेकडीवर आधीपासून एका आईचं ठाणं होतं. तिला तोनान्त्सिन म्हणत, म्हणजे 'आमची आई'. हे मी म्हणत नाही, साहागुन नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय. त्याची तक्रारच अशी होती की लोक लांबलांबून इथं येतात, ग्वादालुपेला अजून तोनान्त्सिनच म्हणतात, आणि हे येणं संशयास्पद आहे. म्हणजे काय झालं? लोकांची आई होती. ती पाडली. मग त्याच टेकडीवर त्यांना नवी आई दाखवली आणि सांगितलं, बघ, ही तुझ्यासाठी आली, तुझ्या भाषेत बोलली.

आमच्या याहामोगी देवीच्या जागी उद्या कुणी वेगळं नाव, वेगळी मूर्ती आणून बसवली आणि मला म्हणालं, 'अरे तिनं तर तुलाच पहिलं दर्शन दिलं', तर मी हरखून जावं? माझं घेऊन मलाच भेट दिल्यासारखं आहे ते.

आणि ती भेट देणारे कोण बघा. मोंतुफार हा मेक्सिकोचा दुसरा आर्चबिशप, ग्वादालुपेच्या भक्तीचा मोठा पाठीराखा. त्याच्याच अध्यक्षतेखाली १५५५ मध्ये धर्मपरिषद झाली आणि तिनं ठरवलं की मूलनिवाशांना पाद्री करायचं नाही. आई तुझ्याशी बोलेल, पण वेदीपाशी तू उभा राहायचा नाहीस. ह्याला मान म्हणतात होय?

जुना_वारकरी

मला चोखोबा आठवले. विठ्ठल त्यांच्या घरी जेवायला गेला, त्यांच्यासंगं ढोरं ओढली, सगळं खरं. पण समाधी पायरीशीच. आणि देऊळ उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपास करावा लागला. देव जवळ घेतो, बडवे घेत नाहीत.

शंकासुर

कुठलाही धागा काढा, तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात पंढरपूर येतंच. पण ह्या वेळी मुद्दा बरोबर आहे, म्हणून सोडतो.

वसईकरीण

मी जन्मानं कॅथलिक, वसईची. माझं मत दोन्ही बाजूंना पटणार नाही बहुतेक.

आधी भाषेबद्दल. नावातलमधल्या त्या मजकुराचं मराठीत कुणी भाषांतर केलंय का ठाऊक नाही, मी इंग्रजीतून वाचला. त्यात ती त्याला 'माझ्या सर्वांत धाकट्या लेकरा' म्हणते, म्हणजे आपलं शेंडेफळ. नावाला 'त्सिन' जोडते, हुआन्त्सिन. हा प्रत्यय लाडाचाही आहे आणि आदराचाही. आणि गंमत अशी की तोही तिला 'माझ्या धाकट्या पोरी' म्हणतो! परंपरेप्रमाणे तो तेव्हा पन्नाशीच्या पुढचा. समोर देवाची आई उभी आहे आणि हा तिला लेक म्हणतोय. आमच्याकडे म्हातारी माणसं चार वर्षांच्या मुलीला 'बाय', 'माय' म्हणतात, ते आठवलं.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग वेगळाच आहे. त्याचा मामा (का काका, भाषांतरात कळत नाही) हुआन बेर्नार्दिनो साथीत आजारी पडतो. मरायला टेकलेला. हा पाद्र्याला आणायला निघतो आणि टेकडी जवळ आल्यावर विचार करतो, सरळ गेलो तर ती भेटेल, पुन्हा निरोपाचं काढेल, उशीर होईल. म्हणून दुसऱ्या बाजूनं वळसा घालतो! देवमातेला चुकवून जातो! ती टेकडी उतरून आडवी येते. तेव्हा हा ओशाळून काय विचारतो? 'बाय, सकाळी बरी उठलीस ना? तब्येत बरी आहे ना?'

हे स्पेनच्या कुठल्या पाद्र्यानं एकट्यानं बसून रचलं असेल असं मला वाटत नाही. हा आपल्या माणसांत वाढलेल्याचा हात आहे.

रानभूलदादा, तुमचा मुद्दा मनाला लागला. त्याच्यावर विचार करून लिहिते.

तळटीप

दोन-तीन गोष्टींची भर.

एक, वसईकरीण ह्यांनी म्हटलंय तो हात बहुधा अंतोनियो वालेरियानो ह्याचा, असं मानणारे अभ्यासक आहेत. तो स्वतः मूलनिवासी, लॅटिनचा पंडित, साहागुनच्याच हाताखाली तयार झालेला. न मानणारेही आहेत. १६४९ मध्ये छापून आणणारा लासो दे ला वेगा हा तिथला पाद्री होता.

दोन, 'कपाळपट्टा, चौकट' ह्याचा अर्थ. कपाळावरून पट्टा घ्यायचा, पाठीवर लाकडी चौकट टांगायची आणि त्यावर ओझं. तिकडं बैल-घोडे नव्हतेच, स्पॅनिशांनी आणले. सगळा माल माणसाच्या कपाळावर. त्याच वाक्यात तो स्वतःला 'शेपूट, पंख' असंही म्हणतो. नावातलमध्ये 'शेपूट-पंख' ही जोडी म्हणजे रयत, सामान्य जनता. राज्य नावाच्या पक्ष्याचं डोकं वर, आम्ही खालचे.

तीन, वस्त्र. परंपरेनुसार ते घायपाताच्या वाखाचं. अझ्टेकांच्या काळात सुती वस्त्र वरच्या लोकांचं, रयतेनं वाखाचं नेसायचं असा दंडक होता. चित्र उमटलं ते रयतेच्या कपड्यावर. हे गोष्ट सांगणाऱ्याला नक्की कळत होतं.

आणि सुमार्रागांबद्दल. शंकासुर म्हणतात ते बरोबर, त्यांनी ह्याबद्दल काही लिहिलेलं नाही. पण माणूस एकरंगी नव्हता. 'इंडियनांचे (म्हणजे तिथल्या मूलनिवाशांचे) संरक्षक' अशी त्यांची राजानं नेमणूक केली होती आणि नुन्यो दे गुस्मान ह्या क्रूर अधिकाऱ्याविरुद्ध त्यांनी राजाला कळवलंही. आणि ह्याच सुमार्रागांनी १५३९ मध्ये तेक्स्कोकोच्या डॉन कार्लोस ह्या मूलनिवासी सरदाराला, जुन्या देवांची बाजू घेतली म्हणून, जाळायला लावलं.

रानभूल

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा सगळ्यांनी. गोष्टीत ज्या बिशपसमोर हुआन दिएगो फुलं सोडतो, तोच बिशप आठ वर्षांनी दुसऱ्या मूलनिवाशाला जाळतो. एक गुडघे टेकून निरोप देणारा, एक मान ताठ ठेवून 'आमचे पूर्वज शहाणे होते' म्हणणारा. संत कोण झाला आणि राख कोणाची झाली?

आणि हुआन दिएगोचं पुढं काय झालं हेही त्याच १६४९ च्या पुस्तकात आहे. घर-जमीन त्या मामाला देऊन तो चर्चजवळच्या झोपडीत राहिला आणि मरेपर्यंत चर्च झाडत राहिला. आईनं निरोप्या केला, लोकांनी झाडूवाला केला.

जुना_वारकरी

झाडूला नावं ठेवू नका हो. गाडगेबाबांचा झाडूच होता.

रानभूल

काका, झाडू आपण उचलणं वेगळं आणि हातात दिला जाणं वेगळं. गाडगेबाबांना कुणी दिला नव्हता.

तळटीप

इथं मात्र थोडं थांबवतो. नावातल बोलणाऱ्या नावा लोकांत झाडणं हे हलकं काम नव्हतं, पूजेचाच भाग होतं. त्यांच्या वर्षात 'ओच्पानिस्त्ली' नावाचा मोठा सण होता, शब्दाचा अर्थच रस्ता झाडणं. देवळातले पुजारी झाडत. त्यामुळं ते वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात 'झाडूवाला' असेल की 'पुजारी', हे आपल्या आजच्या डोळ्यांनी ठरवू नये. ज्याला पाद्री व्हायची बंदी होती, त्याला गोष्टीनं मागच्या दारानं जुन्या पद्धतीचा पुजारी करून टाकलं, असंही वाचता येतं.

रानभूल

वाचता येतं. वाचणारे आपण आहोत, पावणेचारशे वर्षांनी, मोबाईलवर. पण हे सणाचं माहीत नव्हतं, मान्य.

शंकासुर

मी चमत्काराच्या विरोधात आहे म्हणून मला ह्या तसबिरीच्याही विरोधात धरू नका. मला तिच्यातली एक गोष्ट फार मानाची वाटते आणि तीच भाविक लपवतात.

८ सप्टेंबर १५५६ ला फ्रान्सिस्को दे बुस्तामान्ते ह्या फ्रान्सिस्कन प्रमुखानं भर प्रवचनात मोंतुफारवर तोफ डागली. म्हणाला, लोकांना चित्राच्या नादाला लावू नका, ते कालपरवा एका इंडियनानं काढलंय. मोंतुफारनं चौकशी लावली, साक्षी झाल्या, कागद आजही आहेत. एका साक्षीत त्या चित्रकाराचं नाव येतं: मार्कोस. त्या काळात मार्कोस दे आकिनो नावाचा मूलनिवासी चित्रकार खरोखर होता. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसबरोबर लढलेला सैनिक बेर्नाल दियास त्याचं नाव घेतो आणि म्हणतो, अशा लोकांना मायकेलँजेलोच्या पंगतीला बसवलं गेलं असतं.

आता विचार करा. ज्या चित्रापुढं अख्खा देश चार चार फेऱ्या मारतो, ते हरलेल्या जमातीतल्या एका माणसाच्या हातचं असेल तर? पाडलेल्या शहरात बसून, जिंकणाऱ्यांच्या देवीला त्यानं आपल्या माणसांचा रंग दिला. बुस्तामान्ते 'इंडियनानं काढलंय' हे शिवी दिल्यासारखं म्हणाला. मला ते प्रशस्तिपत्र वाटतं. तुम्ही 'आकाशातून आलं' म्हणता तेव्हा मार्कोसचं नाव पुसता. मग गरीब मूलनिवाशाचा मान राखतंय कोण, भाविक की मी?

केरेतारोकर

@शंकासुर, हा प्रतिसाद आवडला. मार्कोसची गोष्ट मला माहीत नव्हती. धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेलं 'चमत्कार चित्राचा नाही' हे जरा घाईचं झालं.

पण एक शंका आहे. मार्कोस नावाजलेला चित्रकार होता, पाद्र्यांच्या चित्रशाळेत शिकलेला. त्याला मान मिळाला तर कर्तबगारीमुळे मिळेल. हुआन दिएगोजवळ तर तेही नाही. तो काहीच करू शकत नाही, मामा मरतोय, बिशपचे नोकर दारात थांबवून ठेवतात. त्याच्या पाठोपाठ माणसं पाळतीवर पाठवतात, ती पुलापाशी त्याचा माग हरवतात, आणि आपली चूक लपवायला बिशपला सांगतात, हा खोटारडा आहे, ह्याला शिक्षा करा. हे वाचून मला तहसीलदार कचेरी आठवली, दाखल्यासाठी बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं. काही न करता येणाऱ्या माणसालाही मान असतो, हे मार्कोसची गोष्ट सांगत नाही. ही सांगते.

वसईकरीण

लिहिते म्हटलं होतं, लिहिते.

रानभूलदादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे घरातलं उत्तर आहे आणि ते फारसं चांगलं नाही. माझी आजी फार भाविक. रोज संध्याकाळी जपमाळ, बांद्र्याच्या मोत माउलीला दर वर्षी मेणबत्ती, गुडघे दुखायचे तेव्हा मेणाचे गुडघे. आमच्या वाडीत केळीच्या कामाला एक वारली बाई यायची. तिला आजी चहा द्यायची, पण तिचा कप वेगळा. बिनकानाचा, पांढरा, निळ्या काठाचा. तो न्हाणीच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा, घरात नाही. त्याच घरात भिंतीवर मारियेची तसबीर. आजीला ह्यात काही विसंगती दिसली नाही, मलाही पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत दिसली नाही.

म्हणून मला वाटतं आपण सगळे इथं एक चूक करतोय. ही गोष्ट गरिबाला कसं वाटतं ह्याची आहे असं धरून भांडतोय. पण गोष्टीत बदलायला कोण लागतं? हुआन दिएगोला ती एकदाही म्हणत नाही की सुधार, शीक, नीट वाग. तो ज्या दारात उभा आहे, ते दार उघडायचं काम बिशपचं आहे. ती त्याला तीनतीनदा तिथंच परत पाठवते. आमच्या चर्चमध्ये ह्या सणाला प्रवचन होतं तेव्हा पाद्री आम्हाला 'हुआन दिएगोसारखे नम्र व्हा' सांगतात. आम्ही बागायतदार लोक! आम्ही ह्या गोष्टीत हुआन दिएगो नाहीच आहोत. आम्ही दारावरचे नोकर.

रानभूल

ताई, कप डोळ्यांसमोर आला. आमच्याकडे तो नारळाच्या करवंटीचा होता.

तुम्ही गोष्ट वाचता तशी सगळ्यांनी वाचली असती तर माझी तक्रार निम्मी झाली असती. पण संस्था तशी वाचत नाही. दोन उदाहरणं देतो, दोन्ही २००२ ची.

३१ जुलैला पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी हुआन दिएगोला संत जाहीर केलं, अमेरिका खंडातला पहिला मूलनिवासी संत. चांगलंय. पण तेव्हा जे अधिकृत चित्र काढलं, त्यात तो उजळ वर्णाचा, चांगली दाढी असलेला. स्पॅनिश सरदार शोभेल असा! मेक्सिकोतच लोकांनी आरडाओरडा केला. ज्या आईला सावळी म्हणून डोक्यावर घेतलं, तिच्या शेंडेफळाला गोरं करून टाकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, त्याच बॅसिलिकेत वाहाका प्रांतातल्या काहोनोस गावच्या दोन सापोतेक माणसांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांनी काय केलं होतं? १७०० मध्ये त्यांच्या गावचे लोक रात्री गुपचूप जुन्या देवांची पूजा करत होते, ह्या दोघांनी ती पाद्र्यांना कळवली. चिडलेल्या गावानं त्यांना मारून टाकलं. मारणं वाईटच. पण पाठोपाठच्या दोन दिवसांत मूलनिवाशाला काय शिकवण दिली बघा: एक निरोप्या, दोन खबरे. चांगला आदिवासी म्हणजे बिशपपर्यंत बातमी पोचवणारा.

तळटीप

दोन्ही माहिती बरोबर. उलट्या बाजूची एक ठेवतो. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात बिशप सामुएल रुइस ह्यांनी १९६० पासून चाळीस वर्षं काम केलं. मूलनिवासी भाषा शिकले, शेकडो मूलनिवासी पुरुषांना डीकन केलं, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न लावण्याचा अधिकार त्यांच्या हातात दिला. संस्थेतही असं वाचणारे होते. आता पूर्ण गोष्ट सांगायची तर व्हॅटिकननं २००२ च्या सुमारासच हे डीकन करणं थांबवायला लावलं. बंदी उठली ती २०१४ मध्ये, पोप फ्रान्सिसच्या काळात.

शंकासुर

हे माझ्याच बाजूनं बोलताय की त्यांच्या?

तळटीप

तळटीप आहे, बाजू नाही.

वसईकरीण

काहोनोसचं मला माहीत नव्हतं. वाचून गप्प बसले थोडा वेळ.

तरी एक विचारते. पाद्र्यांनी ती देवी दिली म्हणता, पण साहागुनची तक्रार तुम्हीच सांगितलीत ना? की लोक अजून तोनान्त्सिनच म्हणतात. म्हणजे पाद्र्याला हवं तसं ते वागत नव्हते. नाव ह्यांचं घेतलं, आई आपली ठेवली. त्यांना फसवलेलं धरायचं की शहाणं?

रानभूल

दोन्ही असू शकतं. माणूस फसतो आणि फसवतोही, एकाच वेळी. आमच्याकडेही देवाला दोन नावं असतात, एक फॉर्मवर लिहायचं आणि एक घरचं. पण दोन नावं ठेवायची पाळी कुणावर येते? तुमच्या आजीवर आली नव्हती.

केरेतारोकर

धागा वाचून काल ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरशी बोललो. तो आमेआल्को बाजूच्या ओतोमी मूलनिवाशांच्या गावातला. त्याच्या डॅशबोर्डवर ग्वादालुपेचं छोटं चित्र आहे, खाली लाल दिवा, ब्रेक मारला की लुकलुकतो. त्याला मार्कोस, मोंतुफार सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, असेल. मग मी विचारलं, तू तिच्याशी कुठल्या भाषेत बोलतोस? म्हणाला, स्पॅनिशमध्ये. माझी आई मात्र आमच्या भाषेत बोलते. शेतातून आली की तसबिरीसमोर बसून दिवसभराचं सगळं सांगते, कोंबड्यांचंसुद्धा.

रानभूल

आणि त्याला ती भाषा का येत नाही, ते विचारलंत का?

केरेतारोकर

विचारलं. आईला शाळेत ती बोलल्याबद्दल मार बसायचा, म्हणून तिनं मुलांना शिकवलीच नाही. त्याला कळते थोडी. आई तसबिरीशी बोलायची तेव्हा बाजूला झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहायचा, तेवढीच.